बंदुकीचं बूड

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निघाली की माणसं तोंडाकडून सुरुवात करतात. दारू किती भरायची, छर्रे कुठले, बार कुठवर जातो, खांद्याला धक्का किती बसतो. काशीदला शनिवार-रविवारी येणारे पाहुणे आमच्या वाडीत जेवायला बसतात, बोलता बोलता घरात परवान्याची बंदूक आहे हे त्यांना कळतं, आणि मग हेच चार प्रश्न ठरलेले. मागच्या टोकाला काय आहे, हे एकानंही विचारलेलं मला आठवत नाही. माझं आयुष्य रेवदंडा ते आगरदांडा या पट्ट्यातल्या मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं खोलण्यात गेलं. त्यामुळे असेल, पण त्या बंदुकीत बघण्यासारखी जागा मला एकच वाटते, ती म्हणजे नळीचं बूड.

नळी म्हणजे मुळात दोन्हीकडून उघडा लोखंडी पाइप. दारू आणि छर्रे पुढच्या तोंडातून घालून गजानं ठासायचे, म्हणून ती ठासणीची. मागचं तोंड एका जाड बुचानं बंद केलेलं असतं. बुचाला बाहेरून आटे, नळीला आतून आटे, फिरवून घट्ट बसवलेलं. त्याला लागूनच नळीच्या उजव्या अंगाला निप्पल असतं. निप्पलवर केप बसते, घोडा केपवर आपटतो आणि जाळ आत जातो. दारू पेटते ती या बुचाला टेकून, आणि नेम धरणाऱ्याचा डोळा तिथून वीत-दीड वीत अंतरावर. पुढचं तोंड खराब झालं तर नेम चुकेल, एवढंच. मागचं बूच ढिलं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

आता काशीदसारख्या गावात, जिथे लोक समुद्रात डुंबायला येतात, बंदूक कशाला हवी? रस्त्याच्या एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला नारळ-पोफळीच्या वाड्या, भातखाचरं आणि त्यांच्या पाठीमागे फणसाडचं रान. हे रान म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं जंगल. 1986 साली ते अभयारण्य झालं. डुकरांना आणि वानरांना मात्र हद्द कुठे संपते ते कोण सांगणार! 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद नाव घेऊन केलेली आहे. आमचा परवाना त्यातला. आजोबांच्या नावावर होता, मग वडिलांच्या, आता माझ्या.

त्याला दुसरी बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं 34 वं कलम अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवायला लावतं, आणि त्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवा परवाना निघत नाही. डुक्कर खाचरात दिसलं म्हणून त्याच्यावर बार टाकता येत नाही, त्याला परवानगी लागते. वानरांचं तर नावच काढायला नको. मग उरतो तो आवाजाचा बार. छर्रे न घालता नुसती दारू भरायची आणि आभाळाकडे तोंड करून उडवायची. डुकरं तेवढ्यापुरती रानात परततात.

आणि इथेच बुडाचं दुखणं सुरू होतं. ‘नुसता आवाज तर केला, छर्रे कुठे घातले होते’ असं म्हणून माणसं बंदूक तशीच खुंटीला लावतात. पण नळी घाण होते ती दारूनं, छर्ऱ्यांनी नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते तेव्हा धूर दिसतो म्हणून आपल्याला वाटतं, सगळं उडून गेलं. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी 1870 च्या दशकात हे मोजून दाखवलं. जळालेल्या दारूच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपानं, काही धुरात आणि बाकीचा नळीत, राहतो. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांना ओढायला फार काही मिळत नसेल. काशीदच्या जूनमध्ये घरातलं मीठसुद्धा वाटीत पाणी सोडतं, तिथे रात्रीची काळी राख सकाळपर्यंत ओली होऊन लोखंड खायला लागते. नळीचा मधला भाग चिंधीनं पुसला जातो. बुडाशी, बुचाच्या तोंडाभोवती जी कंगोऱ्याची जागा असते, तिथे चिंधी पोचत नाही.

आमच्याकडे आजोबांपासून रीत होती रॉकेलची. बार काढला की रॉकेलची चिंधी फिरवायची, वर थोडं तेल. इंजिनच्या कामात मीही हात रॉकेलनंच धुतो, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं घरात कुणाला वाटलं नाही. पण क्षार रॉकेलमध्ये विरघळत नाहीत, तेलातही नाही. ते विरघळतात पाण्यात. रॉकेलनं काळेपणा जातो, चिंधी स्वच्छ निघते, माणूस खूष होतो, आणि मीठ तेलाच्या थराखाली सुखानं बसून राहतं. बंदुकीला पाणी दाखवायला लोक घाबरतात आणि तिला पाण्यावाचूनच गंज चढतो. ही गोष्ट मी ज्याला सांगतो तो आधी माझ्याकडे संशयानं बघतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या खाली किनाऱ्याला लागलं. दुपारी काही तासांत आमच्या पोफळी आडव्या झाल्या, घराचे पत्रे उडाले आणि खाऱ्या पावसानं घर आतून धुऊन काढलं. बंदूक कपाटात होती, कपाट पाण्यात होतं. वीज बरेच दिवस नव्हती, माणसं रस्ते मोकळे करण्यात आणि छपरावर ताडपत्री टाकण्यात गुंतलेली. बंदुकीकडे लक्ष गेलं तेव्हा नळीच्या मागच्या टोकाला, बूच आणि नळी जिथे भेटतात त्या सांध्यावर, तांबूस ओघळ उतरलेला दिसला. ओघळ सांध्यातून बाहेर येत होता, म्हणजे आत वाट होती. पाण्याला वाट आहे तर वायूलाही आहे.

खोलायला हात शिवशिवत होते, पण खोललं नाही. बंदूक दुरुस्त करायला शस्त्र कायद्याच्या 5 व्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. साफसफाई मालकानं करावी, बूच उघडणं हे परवानाधारक कारागिराचं काम. कागदपत्रांचं सगळं उरकून मी एका शहरातल्या जुन्या कारागिराकडे गेलो. सत्तरी पार केलेले. गिऱ्हाइकं त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो.

चाचांनी बंदूक हातात घेतली आणि बुचाकडे बघितलंच नाही. “आधी रिकामी आहे का ते बघू.” मी म्हटलं, रिकामीच आहे. ते म्हणाले, “सगळेच म्हणतात.” त्यांनी गज नळीत तळापर्यंत सोडला, नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याचं नख धरलं, गज तसाच बाहेर काढून नळीच्या अंगाला बाहेरून लावला. गजाचं टोक निप्पलच्या जरा मागे आलं. म्हणजे गज थेट बुचापर्यंत पोचला होता, आत काही नव्हतं. टोक तीन-चार बोटं अलीकडे थांबलं असतं तर आत कुणाचा तरी जुना बार होता असं समजायचं. गजावर कायमची खाचच करून ठेवा, म्हणाले. रिकाम्या नळीची खाच. ती खाच मी तिथेच करून घेतली.

जुन्या धाटणीच्या बंदुकीत बूच उघडण्यासाठी नसतंच. एकदा बसवलं की ते नळीचाच भाग. त्याला मागे एक चपटं शेपूट असतं, ते लाकडी दस्त्यात बसतं आणि वरून स्क्रूनं आवळलं जातं. शेपूट नेमकं वरच्या बाजूला आलं तरच नळी दस्त्यात बसते. त्यामुळे ‘ढिलं झालंय, अजून थोडं आवळू’ हा उपाय इथे चालत नाही. थोडं जास्त आवळलं की शेपूट तिरकं होणार. इंग्लंडमध्ये हेन्री नॉकनं 1787 साली या मागच्या भागाच्या नव्या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे चांगल्या बंदुकांत नळी आकड्यातून सुटी करता येऊ लागली, पण तिथेही सुटते ती नळी, बूच नळीतच राहतं. आमची बंदूक काही इतकी खानदानी नाही.

चाचांनी सांध्यात तेल सोडून नळी ठेवून दिली. काही दिवसांनी बोलावलं. व्हाइसच्या जबड्यांना तांब्याच्या पट्ट्या, त्यात नळी, बुचाला नेमका बसणारा पाना, थोडी उष्णता, आणि मग सावकाश दाब. झटका कुठेही नाही. बूच कुरकुरत बाहेर आलं. मागच्या बाजूचे आटे अजून चकाकत होते. पुढचे, दारूकडचे, दोन-अडीच आटे मात्र किडल्यासारखे खाल्लेले. आणि बुचाच्या तोंडावर काळ्या, कडक मळीचं जाड कडं.

ते कडं बघितल्यावर सगळा उलगडा झाला. नळीच्या आत आटे जिथे संपतात तिथे एक बारीक पायरी असते. बुचाचं तोंड त्या पायरीवर सगळीकडून सारखं टेकायला हवं. वायू अडतो तो तिथे, धातूवर धातू टेकतो त्या कड्यावर. आट्यांचं काम बुचाला मागून धरून ठेवायचं, ते झाकणाचं काम करत नाहीत. आमच्या बुचाचं तोंड पायरीला टेकतच नव्हतं. बनवतानाच कुणीतरी शेपूट वर आणण्याच्या नादात ते किंचित आधीच थांबवलं होतं. त्या फटीत दर बाराची राख जात राहिली, ओल धरत राहिली आणि आटे खात राहिली. वादळानं फक्त ते बाहेर दाखवलं.

इंजिनवाल्याच्या डोक्यात लगेच जे येतं ते मी बोलून दाखवलं. “आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळली तर?” चाचा हसले. “ती नळाला गुंडाळा. घरच्या नळाला.” त्यांचं बरोबर होतं. पाण्याच्या पाइपाचे आटे निमुळते असतात, आवळत जाल तसे ते एकमेकांत रुततात, आणि उरलेली फट टेप भरते. तिथे आट्यांनीच पाणी अडवायचं असतं. बुचाचे आटे सरळ असतात. त्यांच्यावर काहीही गुंडाळलं तरी पायरीवरची फट तशीच राहणार, फक्त ती दिसेनाशी होणार.

चाचांनी नवं बूच लेथवर काढलं, तोंडाकडे जरा लांब ठेवून. मग सुरू झालं ते काम मी स्टुलावर बसून बघितलं. मेणबत्तीच्या ज्योतीवर बुचाचं तोंड धरून त्याला काजळी धरू दिली. बूच नळीत फिरवून हलकं टेकवलं, परत काढलं. जिथे टेकलं होतं तिथली काजळी पुसली गेली होती, आणि ती खूण होती फक्त अर्ध्या कड्याची. म्हणजे एक बाजू उंच. त्या उंच बाजूवर कानशीचे दोन हलके हात, पुन्हा काजळी, पुन्हा फिरवणं. आम्ही इंजिनात व्हॉल्व्हची सीट बघताना निळा रंग लावून हेच करतो, फक्त आमच्याकडे शेपूट नसतं. इथे कडं पूर्ण उमटायला हवं आणि त्याच वेळी शेपूट वर यायला हवं. कानस एक हात जास्त चालली तर शेपूट वर येऊन पुढे जाणार आणि ते बूच भंगारात. चाचांनी अष्टमांश फेरा शिल्लक असताना पूर्ण कडं मिळवलं आणि उरलेला फेरा पान्यानं आवळला. आट्यांना ग्रीसचा पातळ हात दिला होता, पण तोंड आणि पायरी मात्र कोरड्या कापडानं पुसून लख्ख. मग नळी आणि बूच या दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ छिन्नीनं मारली. बूच जरा जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसेल.

या एवढ्याशा बुचापायी जपानात काय घडलं ते मला पुढे वाचायला मिळालं. 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले. तिथल्या तरुण सरदारानं त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या आणि यैता किंबेई नावाच्या तलवारी घडवणाऱ्या लोहाराला तशाच बनवायला सांगितल्या. ज्याच्या हाताखाली जगातली उत्तम पाती घडत होती, त्या माणसाला नळी जमली, पण तिचं बूड बंद करणं जमेना. जपानी लोहाराला मळसूत्र ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी परत आलेल्या जहाजातल्या एका परदेशी कारागिराकडून तो ते शिकला. त्या विद्येच्या बदल्यात त्यानं आपली मुलगी वाकासा पोर्तुगीजाला दिली, अशी दंतकथा त्या बेटावर सांगतात. मुलीच्या कथेवर माझा फारसा विश्वास नाही. बुचाच्या अडचणीवर पूर्ण आहे. आणि हे पोर्तुगीज काही आमच्या अनोळखी नव्हेत. तानेगाशिमाला पोचायच्या बावीस वर्षं आधी, 1521 मध्ये, निजामशहाच्या परवानगीनं त्यांनी आमच्या शेजारी चौलला किल्ला बांधायला घेतला होता.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी वेगळी युक्ती केली होती. मुघल काळातल्या तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या इतिहासकारांनी नोंदवलंय, की इथे खिळ्यावर खाच कापून आटे काढण्याऐवजी भोवती तार गुंडाळून ती डागानं पक्की करत. दिसायला आटा, धरायला तार. दागिन्याच्या फिरकीला ते पुरेल. वायूच्या दाबापुढे मला तो डाग उभा करवत नाही, पण ज्यांनी केलं त्यांच्याकडे लेथ नव्हता, हेही खरं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो, त्याला शिकारीचा नाद. तिकडे ठासणीच्या बंदुकांचा हंगामच वेगळा असतो. त्याच्याकडची नव्या पद्धतीची, बूच सरळ मागून पान्यानं निघणारी. साफ करायला सोपी म्हणून घेतली, आणि एका हंगामानंतर बूच हलेना. फोन मला. मला हा आजार रोजच्या ओळखीचा. त्याचं बूच स्टेनलेस, नळीही स्टेनलेस. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की धातू धातूला चिकटतो, आटे एकमेकांना सोलतात. बोटीवर आम्ही प्रत्येक स्टेनलेस बोल्टला अँटी-सीझ लावतो ते याचसाठी. तांब्याची किंवा निकेलची बारीक भुकटी घातलेलं हे जाडसर ग्रीस उष्णतेतही आट्यांच्या मध्ये पातळ पडदा ठेवतं. शिवाय तो काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स वापरतो. त्यात परक्लोरेट असतं, जळल्यावर क्लोराइड उरतं. क्लोराइड म्हणजे खाऱ्या हवेतला लोखंडाचा तोच वैरी. समुद्रापासून शेकडो मैल लांब राहून या गृहस्थानं काशीदची हवा विकत घेतली होती.

त्याच्या बंदुकीला टेफलॉन टेप चालते का? तिकडे बरेच जण आट्यांवर दोन-तीन वेढे देतात, आणि सुट्या बुचाच्या बाबतीत मी त्याला नाही म्हणत नाही. टेप फट बंद करण्यासाठी नाही, राख आट्यांत शिरू नये आणि उघडताना सुटावं यासाठी. टेफलॉन साधारण 260 अंशांपर्यंत टिकतं. दारूचा जाळ त्याहून कितीतरी तापट, पण तो क्षणभराचा, आणि मागच्या आट्यांपर्यंत पोचेतो थंडावलेला. वेढे आवळायच्या दिशेनं द्यावेत, बुचाच्या तोंडावर टेप येऊ देऊ नये, आणि प्रत्येक वेळी जुनी टेप कोरून काढून आटे ब्रशनं घासावेत. माझी पसंती अँटी-सीझला. आणि दोन्हीपेक्षा जास्त पसंती बार काढल्या दिवशीच बूच उघडण्याला.

आमच्या बंदुकीला यातलं काहीच लागू नाही, कारण चाचांनी बसवलेलं बूच मी आता उघडणार नाही. मी उघडतो ते निप्पल. ते काढायचं, त्याचे आटे पुसायचे, नळीचं बूड गरम पाण्याच्या बादलीत धरायचं आणि गजाला चिंधी लावून वरून पंपासारखं ओढायचं-ढकलायचं. निप्पलच्या भोकातून पाणी आत येतं, काळं होऊन बाहेर जातं. पाणी नितळ यायला लागलं की बदलून कडकडीत पाणी ओतायचं, म्हणजे लोखंड तापून आपलं आपण सुकतं. कोरड्या चिंध्या, मग तेलाची चिंधी, निप्पलच्या आट्यांना कणभर ग्रीस. रॉकेल घरात आहे, ते माझ्या हातांसाठी. बंदूक ठेवताना तोंड खाली, नाहीतर सगळं तेल बुडाशी जमतं आणि पुढच्या वेळी केप नुसतीच फुटते. रेक्झिनच्या पिशवीत ठेवणं बंद केलं, ती ओल धरून ठेवते.

खरी पंचाईत होते निवडणुकीत. आचारसंहिता लागली की कुणाच्या बंदुका जमा करायच्या ते समिती ठरवते, आणि यादीत नाव आलं की बंदूक पोलीस ठाण्यात. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. नेमकं भात कापणीचं तोंड. डुकरांना आचारसंहिता नाही, हा आमच्याकडचा जुना विनोद. जमा असताना बंदुकीला कुणी तेल लावणार नाही, ती अपेक्षाही नाही. म्हणून देण्याआधी धुऊन, सुकवून, सांध्यावर आणि रेघेवर ग्रीसचा हात देऊन देतो. परत आणली की आधी गज सोडून खाच बघतो, मग रेघ बघतो. पहिला आवाजाचा बार काढला की थंड झाल्यावर सांध्यावरून पांढरी चिंधी फिरवतो. चिंधी काळी आली तर वायू बाहेर येतोय. अजून आलेली नाही.

मावसभावानं यंदा चकमकीची जुन्या धाटणीची बंदूक घेतली आहे, तिकडे नाताळनंतर तिचा हंगाम लागतो. शेपटाचा फोटो पाठवून विचारत होता, बूच उघडायला कितीचा पाना लागेल. मी कळवलं, पाना राहू दे, पाणी तापव.